वाचकांचे प्रश्न : ‘सहज’ या शब्दाबद्दल, आणि एका सिंगलबद्दल

मागील अंकातील रॉक संगीतावरच्या लेखात ‘निर्वाना’ या अमेरिकी बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या १९९१ सालच्या सिंगलचा उल्लेख जेमतेम दोन ओळींत आला होता, आणि त्या दोन ओळींत मी त्याला ‘कर्ट कोबेनच्या हातून सहज उतरलेले गाणे’ असे म्हटले होते. (कोबेन हा या बँडचा गायक, गिटारवादक आणि गीतकार; सिंगल म्हणजे अल्बमपासून वेगळे, सुटे प्रसिद्ध केलेले गाणे.) आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्या ‘सहज’वर बोट ठेवणारी आहेत. बोट योग्य जागी पडले आहे. त्यामुळे या वेळचे सदर त्या एका गाण्यापुरतेच ठेवले आहे.

प्रश्न : ग्रंज हा हेवी मेटलचा प्रकार आहे की पंकचा? तुमच्या लेखात दोन्ही नावे एकाच वाक्यात आली आहेत.

उत्तर : गोंधळ तुमचा नाही, मुळात त्या संगीताचाच आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल शहरात आणि आसपासच्या गावांत जी मुले गिटार हातात घेत होती, त्यांनी ‘ब्लॅक सबाथ’ या हेवी मेटल बँडची जडशीळ गिटारही ऐकलेली होती आणि पंकचा उतावीळ, वाद्यावरील प्रभुत्वाला फारशी किंमत न देणारा बाणाही अंगी मुरवलेला होता. मेटलचे वजन घ्यायचे, पण त्यातला भपका टाकून द्यायचा, असा काहीसा तो मेळ होता. ‘ग्रंज’ या इंग्रजी शब्दाचा रोख मळ, चिकट घाण असा आहे, आणि सिअ‍ॅटलच्या ‘सब पॉप’ या लहानशा ध्वनिमुद्रिका कंपनीने तो आपल्या जाहिरातींत मोठ्या हौसेने मिरवला. याच कंपनीने १९८८ मध्ये ‘मडहनी’ या बँडचे ‘टच मी आय’म सिक’ हे सिंगल काढले. ग्रंजचा अस्सल मळका आवाज कोणता असे कुणी विचारले, तर मी आधी त्याकडेच बोट दाखवीन. ‘निर्वाना’चा पहिला अल्बम ‘ब्लीच’ हाही ‘सब पॉप’चाच. तो १९८९ मध्ये आला आणि जॅक एन्डिनो या ध्वनिमुद्रकाने तो अवघ्या ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये मुद्रित करून दिला. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची आठवण करून देणार आहे.

प्रश्न : गाण्याच्या शीर्षकाचा अर्थ शब्दकोश घेऊन बसलो तरी लागत नाही. हे शीर्षक काही प्रतीकात्मक आहे का?

उत्तर : स्वतः गीतकाराची समजूत तशीच होती! १९९० मध्ये कोबेन ऑलिंपिया या गावात राहत असताना ‘बिकिनी किल’ या बँडची गायिका कॅथलीन हॅना हिने एका रात्री, भरपूर पिऊन झाल्यावर, त्याच्या खोलीच्या भिंतीवर जाड पेनाने लिहून ठेवले की कर्टच्या अंगाला ‘टीन स्पिरिट’चा वास येतो. ‘टीन स्पिरिट’ हे किशोरवयीन मुलींसाठी बाजारात आलेले एक डिओडरंट होते आणि कोबेनची तेव्हाची मैत्रीण, त्याच बँडची ड्रमवादक टोबी व्हेल, ते वापरत असे. म्हणजे हॅनाचा रोख एवढाच होता, की तुझ्या अंगाला तिचा वास लागला आहे. कोबेनला मात्र हे उत्पादन ठाऊकच नव्हते. त्या रात्री त्यांच्या गप्पा पंक आणि बंडखोरी यांविषयी झाल्या होत्या, त्या धुंदीत त्याला ती ओळ ‘तुझ्यात तरुणांचे चैतन्य आहे’ अशी शाबासकी वाटली. सुमारे सहा महिन्यांनी त्याने हॅनाला फोन करून ती ओळ वापरण्याची परवानगी मागितली, आणि ही ओळ गाण्यात कशी बसवणार या विचाराने ती चकित झाली. तिची शंका रास्त होती, कारण पूर्ण गाण्यात ते शब्द एकदाही येत नाहीत. आपल्या गाण्याचे नाव एका डिओडरंटवरून पडले आहे, हे कोबेनला सिंगल प्रसिद्ध होऊन काही महिने उलटल्यावर कळले.

प्रश्न : मी दोन वर्षे गिटार शिकते आहे. हे गाणे दुसऱ्याच महिन्यात मला वाजवता आले. चार कॉर्डचे आणि तेही उसन्या चालीचे गाणे एवढे मोठे का मानायचे? आमचे शिक्षक तर त्याला सरळ नक्कल म्हणतात.

उत्तर : तुमचे शिक्षक जे म्हणतात ते कोबेनने त्यांच्याआधीच म्हणून ठेवले आहे. जानेवारी १९९४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात आलेल्या मुलाखतीत त्याने कबूल केले, की आपल्याला सर्वोत्तम पॉप गाणे लिहायचे होते आणि त्यासाठी आपण ‘पिक्सीज’ या बँडची उचलेगिरी करत होतो. हळू आवाजात सुरू होऊन एकदम कर्कश होणारी त्यांची रीत आपण उचलली. गाण्याची मुख्य रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तो तुकडा, ‘बोस्टन’ या बँडच्या धाटणीच्या अगदी जवळ जाते, हेही त्याने लपवले नाही. बोस्टनचे १९७६ मधील ‘मोअर दॅन अ फीलिंग’ ऐकले की साम्य कानाला खटकते. लपवणे तर दूरच, ऑगस्ट १९९२ मध्ये इंग्लंडमधील रेडिंग महोत्सवात हजारो प्रेक्षकांसमोर या मंडळींनी आपले गाणे सुरू करण्याआधी बोस्टनचे ते गाणे थट्टेने वाजवून, गाऊन दाखवले.

तेव्हा उसनवारीचा मुद्दा मान्य. पण चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, दुसऱ्या महिन्यात वाजवता येणे आणि त्या चार कॉर्डचे हे गाणे होणे, यांत बरेच अंतर आहे. ते अंतर या तिघांनी कसे कापले, हे थोडे तपशिलात सांगतो.

कोबेनने रिफ आणि ध्रुवपदाची चाल तालमीत आणली, तेव्हा बासवादक क्रिस्ट नोवोसेलिक याला ती हास्यास्पद वाटली. कोबेनने यावर वाद घातला नाही; त्याने बँडला तोच तुकडा सलग दीड तास वाजवायला लावला. दीड तास एकच गोष्ट वाजवली की कंटाळा येतो आणि कंटाळ्यातून माणूस काही तरी करून बघतो. नोवोसेलिकने सुचवले, की लय कमी करून पाहू. कोबेनने आणलेली चाल बरीच जलद होती. ती सावकाश होताच बासला पाय रोवायला जागा मिळाली आणि डेव्ह ग्रोल याला ड्रम्सवर ठेका बांधायला अवकाश मिळाला. म्हणूनच ‘नेव्हरमाइंड’ या अल्बममध्ये संगीतकार म्हणून तिघांचीही नावे असलेले हे एकमेव गाणे आहे. ग्रोलने तर पुढे सांगितले, की त्या काळातील आपले ड्रम्सचे तुकडे त्याने ‘गॅप बँड’सारख्या फंक बँडांकडून आणि डिस्कोच्या वादकांकडून उचललेले होते. डोके झटकत उड्या मारणाऱ्या त्या गर्दीच्या पायांखाली नाचाचा ठेका होता, ही गंमत मला फार आवडते.

आता तुमची गिटार हातात घ्या आणि पहिली काही सेकंदे नीट ऐका. एफ, बी फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट ही त्या पॉवर कॉर्डची नावे तुम्हाला माहीतच आहेत. परंतु कॉर्ड आणि कॉर्ड यांच्या मध्ये कोबेन तारा दाबणाऱ्या हाताची पकड सैल करून त्या नुसत्या खरडतो. त्या खरडण्याला सूर नाही, केवळ ‘चक् चक्’ असा कोरडा आवाज आहे, आणि रिफ चालती ठेवण्याचे काम तोच करतो. तो गाळून वाजवा, मग कॉर्ड बरोबर असूनही गाणे ओळखू येणार नाही. हा तुकडा आधी स्वच्छ, काहीशा पातळ आवाजात एकटा येतो. मग ड्रम्स अंगावर कोसळतात, डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज फाटका करणारे, पेडल दाबले जाते आणि तोच तुकडा दहापट जाडीचा होऊन परततो. लगेच कडवे येते, आणि तिथे गिटार जवळजवळ गप्प होते: फक्त दोन स्वर, तेही कोरस पेडलमधून पाण्याखालून आल्यासारखे, आणि खाली बास एकटी चाल ओढते आहे. एवढ्या गोंगाटानंतर इतके मोकळे मैदान ठेवायला धीर लागतो. मधला गिटारचा एकल तुकडाही पाहा. वेगवान बोटांचे कौशल्य दाखवण्याची ही हक्काची जागा, आणि कोबेन तिथे कडव्याचीच चाल जवळपास जशीच्या तशी वाजवून बाजूला होतो. तुमच्या शिक्षकांना यात तयारी कमी दिसेल, मला मात्र संयम दिसतो.

प्रश्न : हे गाणे एका बैठकीत, फारशी मेहनत न घेता मुद्रित झाले, असे वाचले होते. ते खरे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. १७ एप्रिल १९९१ रोजी सिअ‍ॅटलमधील ‘ओके हॉटेल’ येथे ते प्रथम लोकांसमोर वाजले, तेव्हा त्याचे शब्दही पुरते ठरलेले नव्हते. त्याच सुमारास बँडने साध्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेली तालमीची टेप निर्माता बुच विग याच्याकडे पाठवली होती. आवाज इतका फाटलेला होता की ऐकणे कठीण, तरी विगला त्यातून हे गाणे जाणवले. मे महिन्यात कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथील ‘साउंड सिटी’ या स्टुडिओत मुद्रण झाले आणि मूळ वादनाच्या तीन टेकपैकी, म्हणजे सलग मुद्रणाच्या प्रयत्नांपैकी, दुसरा पसंत पडला. एवढेच ऐकले, तर ‘मेहनत नाही’ असे वाटेल.

परंतु मूळ टेक म्हणजे गाणे नव्हे. तिथे नीव्ह बनावटीचा प्रचंड मिक्सिंग कन्सोल होता, ज्याच्या आवाजाची ऊब अनेक नामवंत मुद्रिकांना लाभली होती. (पुढे २०११ मध्ये ग्रोलने तो कन्सोल स्वतः विकत घेतला आणि २०१३ मध्ये त्या स्टुडिओवर एक माहितीपटही काढला.) ६०६ डॉलरच्या अल्बमनंतर दोनच वर्षांत हा बँड तिथे उभा होता. विगने गिटारचे थर एकावर एक चढवले. कोबेनने गायलेल्या ओळींवर त्याच ओळी पुन्हा गाऊन आवाज दुहेरी करावा, असा त्याचा आग्रह होता; कोबेनला ही लबाडी वाटत होती, पंकच्या प्रामाणिकपणात ती बसत नव्हती. विगने तेव्हा एकच वाक्य ऐकवले: जॉन लेनननेही असेच केले होते. कोबेन बीटल्सचा, विशेषतः लेननचा निस्सीम चाहता होता. तो मुकाट्याने मायक्रोफोनसमोर जाऊन उभा राहिला.

अखेरचे मिश्रण अँडी वॉलेस याने केले. ‘स्लेअर’ या मेटल बँडच्या अल्बमवरील त्याचे काम बँडला ठाऊक होते. त्याने ड्रम्स फुगवले, सगळ्याला चकाकी आणली, आणि मग ते रेडिओवर इतर कोणत्याही गाण्याशेजारी वाजवण्याजोगे झाले. कोबेनने त्या वेळी हे सगळे मान्य केले. नंतर मात्र हा आवाज पंकपेक्षा ‘मॉटली क्रू’सारख्या चकचकीत बँडला शोभणारा आहे, अशी तक्रार तो करू लागला आणि १९९३ चा पुढचा अल्बम त्याने स्टीव्ह अल्बिनी याच्याकडून मुद्दाम खरबरीत करून घेतला. माझे मत विचाराल, तर तक्रारीत तथ्य आहे, पण ‘ब्लीच’च्या आवाजात हे गाणे सिअ‍ॅटलची वेस ओलांडू शकले नसते. त्याचा राकटपणा पाच मिनिटे टिकतो, कारण त्याखालचे बांधकाम पक्के आहे. ‘सहज’ हा शब्द चुकला, तो इथे.

प्रश्न : कंपनीला हे गाणे एवढे गाजेल याची कल्पना होती का?

उत्तर : मुळीच नव्हती. ‘डीजीसी’ या कंपनीने १० सप्टेंबर १९९१ रोजी सिंगल आणि २४ सप्टेंबरला ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध केला. कंपनीचा आडाखा असा होता, की या गाण्याने पर्यायी रॉकचे ठरलेले श्रोते गोळा करावेत आणि नंतर येणाऱ्या ‘कम अ‍ॅज यू आर’ या गाण्याने सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत मजल मारावी. अल्बमच्या सुमारे ४६,००० प्रतीच अमेरिकेतील दुकानांत गेल्या होत्या, त्यावरून अपेक्षेचा अंदाज यावा. आधी महाविद्यालयीन आणि पर्यायी रेडिओ केंद्रांनी ते उचलले. मग खेळ ‘एमटीव्ही’ या संगीतवाहिनीने, गाण्याची चित्रफीत दाखवून, पालटला.

त्या चित्रफितीविषयी थोडे सांगायला हवे. ऑगस्टच्या मध्यात लॉस एंजेलिसमधील ‘रॉक्सी’ येथे झालेल्या कार्यक्रमात श्रोत्यांना पत्रके वाटण्यात आली: चित्रीकरणाला या, शाळकरी मुलांसारखे कपडे करून या. दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला, कल्व्हर सिटीतील स्टुडिओत शाळेच्या व्यायामशाळेचा देखावा उभारून दिग्दर्शक सॅम्युअल बेयर याने चित्रीकरण केले. कल्पना अशी, की खेळाच्या सामन्याआधी शाळेत उत्साह भरण्यासाठी भरणारा मेळावा हळूहळू दंग्यात बदलतो, आणि चिअरलीडर मुलींच्या पोशाखावर अराजकतावाद्यांचे ‘ए’ हे चिन्ह आहे. मुलांना तासन्‌तास बाकांवर नुसते बसवून ठेवले गेले होते. शेवटी कोबेनच्या सांगण्यावरून त्यांना खाली उतरून धुमाकूळ घालायला मोकळीक मिळाली, तेव्हा साचलेला वैताग बाहेर पडला आणि त्यांनी देखाव्याची मोडतोड केली. म्हणजे पडद्यावर दिसणारी ती उसळी अभिनयाची नाही. दिग्दर्शकाचे संकलन कोबेनला पसंत पडले नाही. त्याने स्वतः बसून ते बदलून घेतले आणि आतापर्यंत अंधारात राखलेला आपला चेहरा शेवटाकडे अगदी जवळून दाखवला.

सप्टेंबरअखेर ही चित्रफीत रविवारी रात्री उशिरा लागणाऱ्या ‘१२० मिनिट्स’ या कार्यक्रमात दाखवली गेली, आणि पाहता पाहता ती दिवसाच्या प्रक्षेपणात वारंवार येऊ लागली. नोव्हेंबरमध्ये गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या आधुनिक रॉक यादीत पहिले झाले, जानेवारी १९९२ मध्ये सर्वसाधारण ‘हॉट १००’ यादीत सहाव्या क्रमांकावर पोचले. ब्रिटनमध्ये ते सातवे होते. ११ जानेवारीच्या यादीत ‘नेव्हरमाइंड’ने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली सारून पहिले स्थान घेतले. ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाच्या समीक्षक-मतदानात हे गाणे १९९१ चे सर्वोत्तम सिंगल ठरले. ग्रॅमीची दोन नामांकने मात्र रिकाम्या हाती परतली, त्यांपैकी एकात बाजी मारली ती एरिक क्लॅप्टनच्या ‘लेला’च्या नव्या, शांत आवृत्तीने. ज्यांना वर्ष चुकले, त्यांनी नंतर भरपाई केली म्हणा: २०१७ मध्ये हे मुद्रण ग्रॅमीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले.

प्रश्न : शब्द कळत नाहीत. दोष माझ्या इंग्रजीचा की गायकाच्या उच्चारांचा?

उत्तर : आपण निश्चिंत असावे. विडंबनकार ‘वियर्ड अल’ यँकोविक याने या गाण्याचे विडंबन करण्यासाठी कोबेनची परवानगी मागितली, तेव्हा कोबेनने विचारले, की ते खाद्यपदार्थांवर असणार का. यँकोविक म्हणाला, की नाही, तुमचे शब्द कुणालाच कळत नाहीत यावर असेल. कोबेनला कल्पना आवडली आणि १९९२ मध्ये ते विडंबन आलेही. कळलेल्या ओळींतूनही सलग अर्थ निघत नाही, कारण कोबेन नादासाठी शब्द शेजारी शेजारी ठेवत असे. एक ओळ तेवढी सर्वांच्या लक्षात राहते: आम्ही आलो आहोत, आता आमचे मनोरंजन करा. कुणाच्या घरी पार्टीला गेल्यावर अवघडलेपण मोडण्यासाठी तो हे वाक्य थट्टेने म्हणत असे, तेच त्याने ध्रुवपदात घातले.

प्रश्न : कोबेनला स्वतःच्याच या गाण्याचा तिटकारा होता म्हणतात. हा प्रसिद्धीसाठी केलेला नखरा नव्हता का?

उत्तर : मला तो नखरा वाटत नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये, म्हणजे गाणे वर चढत असतानाच, बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये वादन आधी मुद्रित केलेले आणि गायन तेवढे प्रत्यक्ष, अशी अट होती, तेव्हा कोबेन मायक्रोफोन तोंडात धरल्यासारखा करून खर्जातल्या गंभीर आवाजात, शब्द बदलून गायला, आणि मागे दोघांनी वाद्ये वाजवण्याचे ढोंग उघड उघड केले. नाटकीपणाची अट घालणाऱ्यांना नाटक मिळाले. मात्र पुढे थट्टेची जागा वैतागाने घेतली. १९९४ च्या त्याच मुलाखतीत तो म्हणाला, की हे वाजवायला लाज वाटते, कधी कधी गिटार फेकून निघून जावेसे वाटते, आणि ‘ड्रेन यू’सारखी आपली इतर गाणी याच्या तोडीची असूनही लोक एवढ्यालाच कवटाळून बसले आहेत. ‘ड्रेन यू’च्या बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑक्टोबर १९९२ मधील ब्युनोस आयरिस येथील मैफलीचे. एका फुटबॉल स्टेडियममध्ये भरलेल्या त्या कार्यक्रमात ‘निर्वाना’च्या आधी ‘कॅलॅमिटी जेन’ हा मुलींचा बँड वाजवायला उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवून आणि वस्तू फेकून त्यांना हैराण केले. कोबेन संतापला. मग आपल्या बँडची पाळी आल्यावर त्याने गिटारवर त्या चार कॉर्डची सुरुवात छेडायची, प्रेक्षकांनी उसळायचे, आणि त्याने थांबून दुसरेच गाणे सुरू करायचे, असे चालवले. अख्खे स्टेडियम ज्यासाठी आले होते, ते गाणे त्या रात्री पूर्ण वाजलेच नाही.